विमानतळ आणि विद्यार्थ्यांची निवड
८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि महाविद्यालयीन तरुणांना नोकरीची नवी वाट दिसू लागली. त्या वाटेला लागण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? ती किती काळाची? आणि ती सुटल्यास हाती कोणती विद्या उरेल? जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील वकील होते. आपली विद्या त्यांनी भूमिपुत्रांच्या कामी लावली. गेलेली जमीन परत येत नाही. तिच्या मोबदल्यावर उभे राहिलेले नातवंडांचे शिक्षण तरी घाईने, पहिल्या मिळेल त्या नोकरीसाठी खर्ची पडू नये. हे तीन प्रश्न महाविद्यालयांच्या दारापर्यंत नेणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.