जमिनीलाही पालट हवा



मृग अगदी तोंडावर आला. वाळवणं डब्यांत भरून झाली, मुलांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू झाली आणि आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच विषय निघतो आहे : यंदा कोणत्या वावरात काय पेरायचं? एरवी या पानावर आपण लोणची-पापड, मुलांचा अभ्यास नि घरखर्चाचा ताळमेळ यांबद्दल बोलतो. आज मात्र वावराकडे वळावं लागलं, कारण मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे.

त्या लिहितात, "आमची सहा एकर कोरडवाहू शेती. चार वर्षं झाली, सगळीकडे सोयाबीन आणि त्यावर हरभरा. दर वर्षी खत वाढतं, फवारणी वाढते, पोती मात्र वाढत नाहीत. तूर, मूग, ज्वारी सारं दुकानातून येतं. यंदा थोडा मूग नि ज्वारी पेरू म्हटलं, तर घरात म्हणाले, तुला शेतीतलं काय कळते? ताई, बाईनं यात बोलावं की नाही?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. बोलावं. तिफणीमागे सरत्यावर बाई, निंदणाला बाई, कापूस वेचायला बाई, आणि डाळीचा डबा रिकामा झाला की तो पहिल्यांदा दिसतो तोही बाईलाच. मग पेरायचं काय, एवढ्याच प्रश्नाला तिनं माजघरात का बसावं? पण नुसतं बोलून भागत नाही, माहितीनिशी बोलावं लागतं. तेव्हा आज पिकांच्या फेरपालटीची माहिती करून घेऊ.

बेवड म्हणजे काय?

आपल्याकडे जुनी माणसं एक शब्द वापरतात, 'बेवड'. आधीचं पीक वावरात जे मागे ठेवून जातं, त्याचा पुढच्या पिकाला होणारा उपयोग म्हणजे बेवड. मुगाचा बेवड चांगला, असं म्हणतात ते उगाच नाही. माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं, "जमिनीलेबी चव बदलून लागते, बाई. तुले रोज एकच भाजी चालन का?"

यामागचं शास्त्रही तसंच सरळ आहे. प्रत्येक पीक जमिनीतून वेगळ्या खोलीवरून, वेगळ्या प्रमाणात अन्न घेतं. ज्वारीची मुळं झुपकेदार. वरच्या थरात पसरतात. तुरीचं सोटमूळ खोल उतरतं, खालच्या थरातलं अन्न नि ओल वापरतं आणि वर पानगळीचा सडा टाकतं. तोच सडा कुजून खत होतो. एकच पीक वर्षानुवर्षं घेतलं, की एकाच थरातून तेच ते अन्न उपसलं जातं. घरातल्या एकाच डब्यातून रोज काढत राहावं नि भरू मात्र कधी नये, तसं ते होतं.

मुळांवरच्या गाठी

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे पावसाळ्यात मुलांकडून एक प्रयोग करून घेते. तुम्हीही करून पाहा. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी मुगाचं वा सोयाबीनचं झाड ओढू नका, खुरप्यानं मातीसकट हळूच उचला आणि मुळं पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली, तर ती गाठ कामाला लागलेली आहे. हिरवट किंवा पांढरी निघाली, तर तिचं काम नीट चाललेलं नाही.

हे काम कोणतं? आपल्याभोवतीच्या हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे, पण झाडांना तो हवेतून घेता येत नाही. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हेलरीगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपले कास्तकार ज्वारीत मूग-उडदाचे तास टाकत होतेच.

मात्र एक ध्यानात ठेवा. सोयाबीनही शेंगवर्गीय असलं, तरी त्याच्या दाण्यात प्रथिनं भरपूर असतात. म्हणजे मिळवलेला बहुतेक नत्र पोत्यात भरून बाजारात जातो. 'सोयाबीन पेरलं म्हणजे जमीन सुधारली' असा हिशेब धरू नये. आणि सोयाबीनवर हरभरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा ही दिसायला अदलाबदल असली, तरी खरी फेरपालट नव्हे. दोन्ही शेंगवर्गीयच, मूळकुजीसारखे रोग दोघांनाही लागतात. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी तर जमिनीत कित्येक वर्षं टिकून राहते. मध्ये ज्वारीसारखं तृणधान्य आलं, तर तिची उपासमार होते.

पांढऱ्या सोन्याची गोष्ट

आपला प्रदेश कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला. आगगाडी आली, गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. तरीसुद्धा वऱ्हाडात कापूस आणि ज्वारी ही जोडी सुटली नाही. यंदा ज्या वावरात पऱ्हाटी, तिथे पुढच्या साली ज्वारी, असा क्रम घराघरांत होता. ज्वारीच्या मुळांवर वाढणारं टारफुल्याचं तणही त्यामुळे आटोक्यात राहायचं.

कापसानंच थकलेल्या जमिनीची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली निघालेलं पुस्तक कितीतरी घरांत आहे. कार्व्हर १८९६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगीला गेले, तेव्हा तिथली जमीन सततच्या कापसानं निकस झाली होती. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितलं आणि त्या भुईमुगाचं घरात काय काय करता येईल, तेही शिकवलं. हा दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. पीक बदलायचं, तर ते स्वयंपाकघरानंही स्वीकारायला हवं.

त्याच राज्यात एंटरप्राइज नावाचं गाव आहे. कापसाची बोंडं पोखरणाऱ्या भुंग्यानं तिथलं पीक बुडवलं, तेव्हा लोक नाइलाजानं भुईमुगाकडे वळले आणि सुखी झाले. १९१९ साली त्यांनी चक्क त्या भुंग्याचं स्मारक उभारलं!

आपल्याकडच्या अळीचं स्मारक कुणी उभारणार नाही. भारतात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीची वर्षं बोंडअळीचा त्रास कमी झाला. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिनं हाहाकार केला. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते. त्यामुळे डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकावी, फरदड ठेवू नये, पऱ्हाट्यांची गंजी वावराच्या बांधावर रचू नये आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरं पीक घ्यावं, हा उपाय कृषी विद्यापीठं नि कृषी खातं पुन्हा पुन्हा सांगतात. भेंडी-अंबाडी ही कापसाचीच भावंडं. गुलाबी अळीला तीही चालतात. तेव्हा बोंडअळी येऊन गेलेल्या वावरात लगेच ती लावू नका. अंबाडीच्या भाजीसाठी परसातली जागा पुरे.

दुसरी हिरवी अळी जास्त बेरकी आहे. कापसावर ती बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, बाई मात्र तीच! म्हणून कापसाला लागून हरभरा घेतल्यानं ही अळी हटेल, अशी आशा धरू नये. ज्वारीची चार झाडं मध्ये असली की पाखरं बसतात नि अळ्या टिपतात, तेवढा आधार.

ज्वारी गेली, सोबत काय गेलं?

१९९० नंतर वऱ्हाडात सोयाबीन झपाट्यानं पसरलं आणि ज्वारीची जागा गेली. नुसती भाकर नि कण्याच गेल्या, असं नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा नाही म्हणून जनावरं कमी झाली. जनावरं नाहीत म्हणून शेणखत नाही, आणि शेणखत नाही म्हणून पोत्यातलं खत वाढलं. तुरीचं कुटार गेलं, तुराट्या गेल्या. सोयाबीनचं कुटार जनावरं तितक्या आवडीनं खात नाहीत. एक पीक बदललं की दावणीपासून दुकानाच्या उधारीपर्यंत सगळं बदलतं, हे आपण बायकांनी जवळून पाहिलं आहे.

सहा एकरांचा एक मेळ

पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी एक साधी मांडणी देते. वावराचे दोन-दोन एकरांचे तीन भाग करा. पहिल्या भागात कापूस आणि त्यात तुरीचे तास. दुसऱ्यात ज्वारी, त्यात मूग-उडीद. तिसऱ्यात मूग किंवा सोयाबीन आणि ओल असेल तर त्यावर हरभरा. पुढच्या वर्षी कापसाच्या जागी ज्वारी, ज्वारीच्या जागी मूग-सोयाबीन आणि मूग-सोयाबीनच्या जागी कापूस. तिसऱ्या वर्षी पुन्हा एक घर पुढे. अशानं तूर नि हरभरा त्याच जागी तीन वर्षांनीच येतात, आणि जास्त खाणाऱ्या कापसाला शेंगवर्गाचा बेवड मिळतो. वर्षाची डाळ-भाकर घरची होते, ती वेगळीच.

आमचं वावर दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे ओलिताचा प्रश्नच नाही. तिथे साठ-पासष्ट दिवसांत निघणारा मूग नि मागच्या ओलीवर हरभरा हा जुना मेळ आजही उपयोगी पडतो. तिथेही दर दोन-तीन वर्षांनी ज्वारी किंवा कापूस आणून साखळी तोडावी लागते.

घरात बसून करण्याजोगी तीन कामं सांगते.

एक, शेताची वही. प्रत्येक वावराला एक पान. त्यावर वर्ष, पीक, बियाणं, खत, फवारणी, मजुरी, पोती आणि मिळालेला भाव. घरी खाल्लेली डाळ-ज्वारीही बाजारभावानं उत्पन्नात लिहा. ती लिहिली नाही, म्हणूनच मूग-ज्वारी कागदावर नेहमी तोट्यात दिसतात.

दोन, उगवणीची परीक्षा. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं ठेवून गुंडाळा, ओल टिकवा. आठवड्यात सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. सोयाबीनचं साल नाजूक असतं, त्याची पोती आपटू देऊ नका.

तीन, जिवाणू खत. एक किलो बियाण्याला पंचवीस ग्रॅम पुरतं. ते पिकाच्या नावानं मागून घ्या. हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही. पाकिटावरची मुदत पाहा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू खत शेवटी. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा, उन्हात नको, आणि त्याच दिवशी पेरा.

अडचणी खोट्या नाहीत

'हे सगळं लिहायला सोपं,' असं कुणी म्हणेल. खरंच आहे. ज्वारी एकट्यानं पेरली तर गावची सारी पाखरं तिथेच उतरतात. रोही नि रानडुकरं रात्रीतून वावर झोपवतात. मुगाच्या तोडणीला मजूर महाग, आणि ऐन तोडणीत पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात. शेत मक्त्यानं केलेलं असेल तर पुढच्या साली ते आपल्याकडे राहील की नाही, याचा भरवसा नसतो. मग बेवड कुणासाठी सांभाळायचा? यावर एकटीनं उत्तर निघत नाही. शेजारच्या दोन-चार घरांनी लागून-लागून ज्वारी पेरली तर राखण वाटून घेता येते. मक्ता एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा लिहून घेता येतो का, हे मालकाशी बोलावं. जमीन त्याची सुधारते, हे त्यालाही पटतं.

आणि बाईच्या बोलण्याबद्दल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं शेगावच्या १९९१ च्या अधिवेशनात 'सीताशेती'ची कल्पना मांडली होती : थोडा तुकडा बाईच्या हाती, तिच्या निर्णयानं, घरच्या अन्नासाठी. तेव्हा ताई, यंदा सहाही एकर मागू नका. एक एकर मागा. त्यात ज्वारी नि मुगाचे तास घाला, वहीत पै-पैचा हिशेब लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी सोयाबीन घेऊन दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवा. तुम्हाला काय कळतं, हे मग वहीच सांगेल. पीक साधलं तरी कळवा, नाही साधलं तरी कळवा.

पुढच्या अंकात : घरची डाळ वर्षभर किडीशिवाय कशी ठेवावी.