घड्याळ नको, पाणी बघून जाळं टाका

मांडवी-झुवारीच्या खाड्यांत काळुंदर मिळत नाही, ही ओरड एप्रिल-मेमध्ये कानावर येतेच. मासा संपला असं लगेच म्हणू नका. आधी भरती बघा, पाणी किती तापलंय ते बघा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं, मासा चरायला कांदळवनाच्या मुळांपर्यंत येतो. अष्टमीच्या भांगाला ओढ मंद. त्यात कडक ऊन पडलं की उथळ पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, मासा खोल सावलीला दडतो. अशा भर दुपारी होडी काढणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. पहाटेच्या गारव्यात, पाणी चढताना जा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हिशेब सोपा आहे.

पण खरं सांगायचंय ते पुढेच. तापल्या दिवसांत मासा खोल डोहात गोळा होतो. तिथे बारीक आसाचं जाळं लावलं तर आज टोपली भरेल, उद्या काय? काळुंदराची जोडी आपली अंडी-पिल्लं राखते. जोडी उचलली की पिल्लंही गेली. म्हणून उन्हाळ्यात डोह सोडा, बारीक मासा परत पाण्यात टाका. पावसानंतर तोच मासा आपल्याच जाळ्यात येणार आहे.

पटतंय का? तुमच्या खाडीचा अनुभव खाली लिहा.