घरच्या गाडीखाली शिरण्यापूर्वी



रेल्वेत डब्याखाली काम करायचे तर गाडीच्या दोन्ही टोकांना दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल दिवा लागतो. हा नियम कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. त्यामागे कामगारांचे रक्त आहे. पण हाच कामगार घरच्या अंगणात तो नियम विसरतो, हे खेदाने लिहावे लागते.

आमच्या शाखेतील एका फिटरने तीस वर्षे झेंडा लावल्याशिवाय डब्याखाली पाऊल टाकले नाही. फंडाच्या पैशातून त्याने जुनी मोटार घेतली. गॅरेजचा खर्च झेपेना म्हणून एका रविवारी जॅक आणि विटांच्या आधारावर गाडी उचलून तो ऑईल बदलायला खाली शिरला. वीट फुटली. जीव वाचला, पण खांदा मोडला. कामावरच्या अपघाताची भरपाई संघटना भांडून मिळवते. घरच्या अपघाताला वाली कोण?

घरी काम करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र विटांऐवजी लाकडाचे दोन भरीव रॅम्प करा. २ इंच जाड, १० इंच रुंद, टणक लाकडाच्या फळ्या घ्या. एका रॅम्पला चार फळ्या लागतात. तळाची ४ फूट आणि वरची प्रत्येक ९ इंचांनी आखूड. मागची टोके एका रेषेत ठेवून फळ्या एकमेकींवर रचा, चढाकडची टोके तिरकी कापा आणि थप्पी आरपार बोल्टने आवळा. उंची ८ इंच मिळते. वरच्या टोकाला चाक अडेल असा जाड गुटका बोल्टनेच बसवा. पोकळ खोके करू नका. त्यात भार खिळ्यांवर येतो, भरीव थप्पीत तो सरळ जमिनीत जातो. मारुती ८०० सारख्या लहान गाडीचेही वजन सुमारे ६५० किलो असते आणि निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर असतो. चिरलेली, गाठीची किंवा वाळवी लागलेली फळी वापरू नका. रुळाकडेचा जुना स्लीपर तर उचलूच नका. तो खिळ्यांच्या भोकांनी पोखरलेला असतो, शिवाय १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा आपल्याला ठाऊक आहेच.

जागा सपाट आणि टणक हवी. गाडी चढवताना बाजूला एक माणूस उभा करा, समोर कोणीही नको. नंतर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावा. गाडी हलवून पाहा. किल्ली खिशात ठेवा, स्टिअरिंगला लाल फडके बांधा आणि मगच खाली शिरा. रॅम्पवर चाक काढायचे काम करू नये, त्याला लोखंडी स्टँडच लागतो.

मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपमधील टपाल कामगारांना हे सारे नवे नाही. त्यांनी शेजाऱ्यांना शिकवावे. एकेकट्याला लाकूड महाग पडते, म्हणून प्रत्येक शाखेने वर्गणीतून रॅम्पची एक जोडी करून युनियन ऑफिसात ठेवावी, वहीत नोंद करून सभासदांना द्यावी आणि परत आल्यावर फळ्या व बोल्ट तपासावेत.

कामावरची सुरक्षितता आपण लढून मिळवली. घरची सुरक्षितता आपल्याच हातात आहे. ती कोणाकडे मागावी लागत नाही.