जुनी म्हणावी की विंटेज?

गेल्या दसऱ्याला आमच्या चिंचवडच्या घरी रिवाजाप्रमाणे स्कूटरची पूजा झाली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, पुढे पेढा ठेवला. पेढा अर्थात नंतर मीच खाल्ला. 1975 पासून हा क्रम चालू आहे. पण यंदा नातू म्हणाला, "आजोबा, हिला पन्नास वर्षं झाली. आता ही जुनी नाही, विंटेज!"

ऐकून बरे वाटले. माझी सत्तरी उलटली, पण मला अजून कोणी विंटेज म्हटलेले नाही.

ही चेतक माझ्या वडिलांनी घेतलेली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात 1972 साली चेतक बनू लागली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे. त्या काळी किती स्कूटरी बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, त्यामुळे लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. आकुर्डी आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर; स्कूटरला मात्र तेवढे अंतर कापायला सहा वर्षे लागली! ती दारात आली त्या दिवशी सगळी आळी पाहायला लोटली होती.

तर विंटेज म्हणजे काय? हा शब्द मुळात द्राक्षांच्या मळ्यातला. अमुक सालच्या पिकाची दारू, असा त्याचा अर्थ. नातवाला मात्र तो गिटारीमुळे ठाऊक. आमच्या चिरंजीवांनी कॉलेजात असताना हौसेने घेतलेली विजेची गिटार आता तो वाजवतो. मी विचारले, "मग तुझ्या बाबांची गिटारही विंटेज का?"

"छे! ती नुसती जुनी," तो म्हणाला, आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतली फेंडर ही गिटारींची नामांकित कंपनी 1965 साली सीबीएस या बड्या कंपनीने विकत घेतली. शौकीन लोक त्याआधीच्या गिटारींना फार मोठा भाव देतात. 1964 ची गिटार आणि 1966 ची गिटार, वयात अंतर दोनच वर्षांचे. पण एक त्या घडीची आणि दुसरी घडी मोडल्यानंतरची.

म्हणजे नुसत्या वयाने काही होत नाही, तर. मागची वाट बंद व्हावी लागते. या मापाने पाहिले तर आमच्या चेतकचे काय? कंपनीने 2009 साली स्कूटरींचा धंदाच सोडण्याचे जाहीर केले. पुढे 2020 च्या जानेवारीत चेतक नाव पुन्हा बाजारात आले, पण विजेवर. तिला ना किक, ना गिअर, ना पेट्रोलमध्ये ऑईल मिसळण्याची कटकट, ना आवाज. आमची स्कूटर जुनी होती तशीच जुनी राहिली. तिला विंटेज केले ते या नव्या चेतकने.

सरकारचे माप निराळे. 2021 साली केंद्र सरकारने नियम केला की, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा मोटार विंटेज. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर 'व्हीए' ही मानाची अक्षरे. नातू अगदी हरखून गेला.

त्याच सुमारास एक शौकीन गृहस्थ स्कूटर पाहून गेले. आकडा त्यांनी चांगला सांगितला. मात्र तिला आधी मूळ रूपात आणायचे, असे म्हणाले. मूळच्या पुढे-मागे दोन गाद्या होत्या. दुसरे मूल झाले तेव्हा आम्ही एक लांब सीट बसवली, ती काढायची. पिशवी अडकवायचा हूक काढायचा. पायाखालचा पत्रा गंजला म्हणून भोसरीत एका वेल्डरकडून नवा लावून घेतला होता, तो बदलायचा. रंगही खरवडून पहिला द्यायचा.

गृहस्थ गेल्यावर सौभाग्यवती चहाची कपबशी उचलता उचलता म्हणाल्या, "अहो, म्हणजे मामंजींनी आणली त्या दिवशीची गाडी ठेवायची, आणि मधली पन्नास वर्षं काढून टाकायची? मग आपण कुठं राहिलो?"

मी गप्प झालो. त्या पत्र्यावर आमचा मुलगा पुढे उभा राहून शाळेत गेला. त्या लांब सीटवर आम्ही चौघे बसून मोरया गोसावींच्या दर्शनाला गेलो. हुकाला किती मणांची भाजी लोंबकळली असेल, देव जाणे.

शिवाय नियमातली एक ओळ नातवाने घाईत वाचलीच नव्हती. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामाला चालवायची नाही. प्रदर्शन, विंटेज गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे मान मिळाला की मंडई बंद!

तेव्हा मला माझे उत्तर सापडले. जी वस्तू आपले काम करते ती जुनी. आणि जिचे काम आपण करू लागतो ती विंटेज. दोन्हीत कमीपणा नाही. पण एकीतून दुसरीत पाऊल टाकायची घाई कशाला? घरात कोणी तिला किक मारणारे उरले नाही, तर त्या दिवशी खुशाल 'व्हीए' लावावे.

नातवाला हे सांगितले. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "आजोबा, मग मला गिअर शिकवा." लायसन आहे, पण डाव्या मुठीतला गिअर त्याने कधी पाहिला नव्हता. चार दिवसांत शिकला. पाचव्या दिवशी किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला कलती करायची असते, हेही त्याला कळले.

तूर्त आमची स्कूटर जुनीच आहे. उद्या सकाळी नातू तिच्यावरून निगडीला आत्याकडे फराळाचे डबे पोचवणार आहे. डबे हुकालाच अडकवणार आहे.