मुख्यमंत्र्यांची खुर्ची आणि नियम 16

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की आपल्या वस्त्यांतून एक चर्चा हमखास सुरू होते. आपला माणूस मुख्यमंत्री कधी होणार? शासनकर्ती जमात व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश सांगून पुढारी टाळ्या घेतात आणि दुसऱ्याच दिवशी त्या पुढाऱ्याचा फोटो प्रस्थापित नेत्याच्या शेजारी छापून येतो. ही चर्चा चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या खुर्चीकडे समाज डोळे लावून बसला आहे, त्या खुर्चीचा इतिहास आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ही खुर्ची इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यातून आली. त्या कायद्याच्या कलम 51 ने मंत्री निवडण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला होता. पण प्रत्यक्षात बहुमतवाल्या पक्षाचा नेता प्रांताचा प्रमुख झाला आणि लोक त्याला पंतप्रधान म्हणू लागले. होय, त्या काळी मुंबई इलाख्याला स्वतःचा पंतप्रधान होता! 1937 च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने आधी सत्ता घेण्यास नकार दिला, म्हणून काही महिने धनजीशा कूपर त्या जागेवर बसले. जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले. खेरांच्या त्या मंत्रिमंडळात अस्पृश्य समाजाचा एकही मंत्री नव्हता. समोरच्या बाकावर मात्र स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार घेऊन खुद्द बाबासाहेब बसले होते.

17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1938 च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. शिष्टमंडळ खेरांना भेटले. खेरांनी ऐकून घेतले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो 1949 साली, आणि तेव्हाही त्या खुर्चीवर खेरच होते. म्हणजे खुर्चीला हे काम जमत नव्हते असे नाही. बारा वर्षे तिला ते करायचे नव्हते.

त्याच वर्षी आपल्या नागपूरला काय घडले ते तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे असे आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांचे आपल्याच सहकाऱ्यांशी बिनसले. जुलै 1938 मध्ये त्यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले आणि त्यात अग्निभोज या अस्पृश्य आमदाराला मंत्री केले. काँग्रेस कार्यकारिणीने खऱ्यांना दोषी ठरवले, ते मंत्रिमंडळ काही दिवसांतच गुंडाळले गेले आणि रविशंकर शुक्ल आले. खऱ्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, अस्पृश्याला मंत्री करून त्यांच्या मनात नसत्या महत्त्वाकांक्षा जागवल्या, हाही आपला गुन्हा मानला गेला. काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या 1945 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी हे प्रकरण नोंदवून ठेवले आहे. भांडण सवर्ण पुढाऱ्यांचे आपसातले, आणि बळी कोणाचा? खरे यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका आहेच. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

1950 साली संविधान आले. राज्याच्या पंतप्रधानाचा मुख्यमंत्री झाला. कलम 164 वाचून पाहा. त्यात जात नाही, कूळ नाही, जमीनदारी नाही, साखर कारखाना नाही. विधानसभेचा विश्वास एवढीच अट. बाबासाहेबांनी दार उघडे ठेवले. त्यातून आत कोण कोण गेले?

देशातले पहिले दलित मुख्यमंत्री दामोदरम संजीवय्या, आंध्र प्रदेश, जानेवारी 1960. वय अवघे 38. 1962 ची निवडणूक झाली आणि त्यांच्या जागी पुन्हा संजीव रेड्डी आले. बिहारमध्ये भोला पासवान शास्त्री तीन वेळा मुख्यमंत्री झाले. पहिल्यांदा सुमारे शंभर दिवस, दुसऱ्यांदा तेरा दिवस, तिसऱ्यांदा सात महिने. राजस्थानात जगन्नाथ पहाडिया, जेमतेम वर्षभर. जीतनराम मांझी 2014 मध्ये आले, नऊ महिन्यांत गेले. पंजाबात चरणजितसिंग चन्नी यांना 2021 मध्ये निवडणूक तोंडावर आल्यावर बसवले. घर पेटल्यावर आपल्याला बोलवायचे, विझले की दाराबाहेर काढायचे, ही यांची जुनी रीत आहे.

आणि महाराष्ट्र? फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवणाऱ्या या महाराष्ट्रात 1960 पासून आजवर दलित मुख्यमंत्री एकच, सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून काम केलेला माणूस जानेवारी 2003 मध्ये मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसला. आम्ही कोर्टात रोज वावरणारी माणसे. त्या प्रवासाचे मोल आम्हाला कोणी सांगायला नको. ऑक्टोबर 2004 ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली लढवली गेली, आघाडी जिंकलीही. शपथ मात्र विलासराव देशमुखांनी घेतली आणि शिंदेसाहेब राज्यपाल होऊन हैदराबादला गेले. हरल्यावर खुर्ची जाते हे समजू शकते. इथे जिंकल्यावर गेली!

पाच वर्षे पूर्ण केली ती एकट्या बहेनजींनी. 1995, 1997 आणि 2002 ला दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर, पण 2007 ला 403 पैकी 206 आमदार निवडून आणून, कोणाच्या उपकाराविना. म्हणून त्या 2012 पर्यंत टिकल्या. मान्यवर कांशीरामजींच्या कष्टाचे ते फळ होते. पण चळवळीत खरे बोलायला भिऊ नये. त्याच 2007 मध्ये उत्तर प्रदेश शासनाने ॲट्रॉसिटी कायद्याच्या तथाकथित गैरवापराबाबत परिपत्रके काढली. पुढे 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला, तेव्हा त्यात या परिपत्रकांचाही दाखला आला. ते वाचताना आमची मान खाली गेली. खुर्चीवर आपला माणूस असला तरी फाइल कोण लिहितो, हे पाहावेच लागते.

उलट, दुसऱ्यांच्या हातात खुर्ची असतानाही आपण तिच्याकडून कामे करून घेतली आहेत. महार वतने रद्द करण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली विधेयक मांडले होते. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. 1960 मध्ये यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्रातील बौद्धांना सवलती दिल्या. केंद्राला त्यासाठी 1990 उजाडावे लागले. यशवंतरावांना आपल्याबद्दल कळवळा होता असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणू द्या. 1956 ची धम्मक्रांती, 1957 च्या निवडणुकीतले शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे यश, 1959 चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

आता मुद्द्याचे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील 1995 च्या नियमांतील नियम 16 उघडून बघा. राज्यस्तरीय उच्चाधिकार दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्ष दुसरा कोणी नाही, स्वतः मुख्यमंत्री. सदस्य गृहमंत्री, अर्थमंत्री, मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि आपलेच अनुसूचित जाती-जमातीचे आमदार-खासदार. बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. किती गुन्हे नोंदले, किती सुटले, का सुटले, पीडितांना मदत मिळाली की नाही, हे सर्व त्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी विचारायचे आहे. इच्छा झाली तर विचारावे, अशी ही गोष्ट नाही. ते त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे.

रमाबाई नगरच्या गोळीबारात 1997 ला दहा माणसे मेली. 2006 ला खैरलांजी झाली. दोन्ही वेळा हा नियम पुस्तकात होता.

या समितीच्या इतिवृत्तांसाठी आम्ही माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला होता. दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले, सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. वास्तविक कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करायला हवा होता. आम्ही अपील केले. सुनावणीला अधिकारी म्हणाले, वकीलसाहेब, एवढे जुने कागद घेऊन काय करणार? आम्ही सांगितले, आमच्या एका पक्षकाराच्या मुलाचा खटला चार वर्षे पडून आहे. त्याच्या बापाला दाखवायचे आहेत.

राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आमदारांना आपल्या जयंतीच्या मंचावर हार घालण्यापूर्वी एवढेच विचारावे की, साहेब, जानेवारीची बैठक झाली का? झाली असेल तर इतिवृत्त दाखवा. झाली नसेल तर मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र दाखवा. अर्जाचा नमुना आम्ही तयार करून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्या शाखांनी घेऊन जावा. कोर्ट फी स्टँप दहा रुपयांचा लागतो.