जग जवळ, शेजार दूर?

१/ राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली संस्थानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापिले आणि पाश्चात्त्य ज्ञानग्रंथ उर्दूत आणून उर्दूतूनच उच्चशिक्षण सुरू केले.

२/ जगाची खिडकी उघडली. परंतु मराठी, तेलुगू, कन्नड या बहुसंख्य प्रजेच्या भाषा उपेक्षित राहिल्या. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथून काढण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

३/ मुस्लिम शाळांत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम येणे स्वागतार्हच. मात्र राजुऱ्यासारख्या सीमेवरच्या गावात परधर्म समजून घेण्याचा पहिला धडा शेजारच्या मराठी, तेलुगू, गोंडी घरांतून मिळावा.

४/ ही अट एकतर्फी नको. शेजारच्या मराठी शाळेनेही उर्दू शाळेचे दार ठोठवावे. परस्परता नसेल, तर सलोख्याचे पाठही लादलेलेच ठरतात.