हॉटेलात सोवळे नाही, मग घरी कोठून आले?

शेतकरी बांधवहो, पंढरीला निघालात म्हणजे वाटेत एस.टी. थांबते. तुम्ही हॉटेलात शिरून मिसळ खाता, चहा पिता. भाजी कोणी फोडणीला टाकली, कपबशी कोणी विसळली, हे विचारता काय? शेजारच्या उतारूने भाकरी-ठेचा पुढे केला, तर तुम्हीही आपली शिदोरी सोडून त्याला कांदा देता. तेव्हा जात कोठे जाते?

आणि गावी परतताच, तुमच्याच रानात दिवसभर राबणाऱ्या गड्याला चहा मात्र वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपात! हा कोठला धर्म? सोवळेकऱ्यांनी आपणांस पंगतीबाहेर बसविले, तेव्हा आपण ओरडलो. तेच सोवळे आता आपण दुसऱ्यावर चालवावे काय?

जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल घातले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे चहा पीत व बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. १९५० साली राज्यघटनेने हॉटेलाचे दार सर्वांस उघडले. पण तुमच्या चुलीपाशी फौजदार येऊन बसणार नाही. तेथे तुमची तुम्हांलाच लाज वाटली पाहिजे.

तो वेगळा कप आजच फोडा, आणि गड्याला शेजारी बसवून जेवा!